गणपूर्तीअभावी

ग्रामसभेच्या कामकाजाला कायद्याने उपस्थितीची जी किमान मर्यादा घालून दिली आहे तिला गणपूर्ती म्हणतात. महाराष्ट्रात ती गावातील एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी मोजली जाते. म्हणजे ४०० मतदारांच्या लहान गावाला ६० माणसे लागतात आणि पावणेसातशेच्या पुढच्या कोणत्याही गावाला, ते कितीही मोठे असले तरी, शंभरावर भागते. अमरावती जिल्ह्यातील तिवसा हे तालुक्याचे ठिकाण नगरपंचायत झाल्यामुळे तेथे आता ग्रामसभा भरत नाही, पण तालुक्यातील इतर गावांत ती भरते, आणि तिथे सगळेजण ‘कोरम झाला का?’ असेच विचारतात. सभांचे रूढ दिवस वऱ्हाडच्या शेतीशी मात्र नीट जुळत नाहीत. २ ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी अंगावर आलेली असते, १५ ऑगस्टला निंदण आणि डवरणी चालू असते, २६ जानेवारीला कापसाची शेवटची वेचणी आणि तुरीची काढणी यांत माणसे गुंतलेली असतात, आणि १ मे रोजी विदर्भाच्या उन्हात चावडीपर्यंत येणे हेच एक काम होऊन बसते. दवंडी फिरते, नोटीस लागते, हजेरी वहीत सह्या आणि अंगठे उमटू लागतात, आणि ठरलेल्या वेळेनंतर काही काळाने ग्रामपंचायत अधिकारी ते मोजतो. मोजणी अपुरी भरली तर प्रोसिडिंग बुकात एक ठरलेले वाक्य लिहिले जाते, ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’.

हेच वाक्य, वेगळ्या लिपीत आणि वेगळ्या शब्दांत, जगभरच्या संगणक-कक्षांत लिहिले जाते, आणि तेथे त्याचे परिणाम अधिक तातडीचे असतात. मोठ्या प्रमाणावरील माहिती आज एका यंत्रावर ठेवली जात नाही. ती अनेक सर्व्हरवर प्रती करून विखुरली जाते आणि अशा एकत्र बांधलेल्या सर्व्हरच्या समूहाला क्लस्टर म्हणतात. समूहातील प्रत्येक यंत्र म्हणजे एक नोड. यंत्रांना एकत्र जोडून काम करून घेण्याची कल्पना वऱ्हाडाला परकी नाही. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, मुरंबा येथे १९४६ साली जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये सादर केलेला परम ८००० हा महासंगणक अशाच समांतर मांडणीचा होता. परंतु गणनेसाठी यंत्रे जोडणे आणि साठवणुकीसाठी जोडणे यांत एक मूलभूत फरक आहे. गणना करणारे यंत्र मध्येच बंद पडले तर तेवढे गणित पुन्हा करता येते, पण साठवलेली गोष्ट पुन्हा ‘काढता’ येत नाही. ती एक तर टिकते किंवा जाते. आणि या दोहोंपेक्षा वाईट अशी तिसरी शक्यता म्हणजे ती दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या रूपांत टिकते आणि दोन्ही रूपे आपण खरी असल्याचे सांगतात. या तिसऱ्या शक्यतेला दुभंग म्हणता येईल. क्लस्टरमधील गणपूर्तीचा सगळा खटाटोप हा दुभंग टाळण्यासाठी आहे, हे ध्यानात घेतले नाही तर ती हरवल्यावर काय करायचे हेही कळत नाही.

येथे सभागृहाची आणि यंत्राची गणपूर्ती वेगळी पडते. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० नुसार संसदेच्या सभागृहाची गणपूर्ती एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश आहे. लोकसभेच्या ५४३ सदस्यांपैकी ५५ हजर असले की कामकाज कायदेशीर ठरते. क्लस्टरला मात्र एक दशांश कधीही चालत नाही. त्याला निम्म्याहून अधिक सभासद लागतात, म्हणजे तिघांत दोन आणि पाचांत तीन. याचे कारण यंत्रे माणसांपेक्षा अधिक लोकशाहीवादी आहेत असे नव्हे. लोकसभेला सभागृह एकच असते, पीठासीन अधिकारी एकच असतो, आणि ५५ सदस्य आत बसले असताना दुसऱ्या ५५ सदस्यांनी दुसऱ्या दालनात बसून त्याच दिवशी उलटा कायदा केला असे होऊच शकत नाही. ग्रामसभेलाही नोटीस एक, जागा एक, सरपंच एक. तेथे गणपूर्तीचे काम एवढेच की चार माणसांनी बसून गावाच्या नावाने ठराव करू नये. क्लस्टरला सभागृहच नसते. नोड एकमेकांना फक्त संदेशांतून ओळखतात, मधली तार तुटली की प्रत्येक तुकड्याला आपणच संपूर्ण गाव आहोत असे वाटू शकते, आणि समोरचा मेला आहे की केवळ बोलू शकत नाही, हे ठरवण्याचे खात्रीचे साधन कोणाजवळही नसते. अशा स्थितीत आधार उरतो तो अंकगणिताच्या एका साध्या सत्याचा: कोणतेही दोन बहुमताचे गट घेतले तरी त्यांच्यात निदान एक सभासद सामाईक असतोच. तो सामाईक सभासद आधीच्या निर्णयाचा साक्षीदार असतो, आणि त्याच्या साक्षीमुळे नंतरचा गट आधीच्या गटाला अजाणतेपणी खोटे पाडू शकत नाही. डेव्हिड गिफर्ड यांनी १९७९ साली भारित मतदानाची जी पद्धत मांडली तिचा गाभाही हाच आहे: वाचणाऱ्यांचा आणि लिहिणाऱ्यांचा गट मिळून एकूण मतांपेक्षा मोठा असला की वाचणाऱ्याला शेवटचे लिखाण कोठे तरी भेटणारच.

या विचाराला पूर्ण रूप दिले लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने, आणि त्यासाठी त्याने चक्क एका सभेचेच रूपक निवडले. पॅक्सॉस या ग्रीक बेटावर पूर्वी एक संसद होती, तिचे सदस्य अर्धवेळ होते, ते आपापल्या धंद्यापायी केव्हाही सभागृहात येत आणि केव्हाही निघून जात, तरीही त्यांच्या कायद्यांत कधी विसंगती आली नाही, अशी कल्पित कथा रचून त्याने आपली कार्यपद्धती सांगितली. निबंध १९९० साली नियतकालिकाकडे गेला आणि छापून आला तो १९९८ मध्ये. त्याचा कथारूपी बाज हे या विलंबाचे एक कारण होते. आज राफ्ट ही २०१४ साली प्रसिद्ध झालेली सुटसुटीत पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते, पण मूळ घडण तीच आहे. लॅम्पोर्टच्या कथेतील प्रत्येक सदस्याजवळ स्वतःची वही असते आणि तीत लिहिलेले पुसता येत नाही. एखाद्या ठरावाला होकार देण्यापूर्वी सदस्य तो आपल्या वहीत नोंदवतो, आणि ‘यापेक्षा जुन्या क्रमांकाचा प्रस्ताव यापुढे स्वीकारणार नाही’ असे वचन देतो तेही आधी वहीत लिहितो आणि मग बोलतो. ग्रामसभेची प्रोसिडिंग बुक एकच असते आणि ती ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या कपाटात राहते. क्लस्टरमध्ये जितके सभासद तितक्या वह्या, आणि ठराव खरा की खोटा हे एका वहीवरून नव्हे, तर बहुसंख्य वह्यांवरून ठरते.

गणपूर्ती हरवते तेव्हा दिसते काय, हे एखाद्या नेमक्या प्रणालीवरून पाहणे बरे. सेफ ही साठवणुकीची मुक्त प्रणाली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत सेज वाइल यांच्या संशोधनातून तयार झाली. तीत प्रत्यक्ष माहिती सांभाळणाऱ्या डिस्क वेगळ्या असतात आणि कोणती डिस्क चालू आहे, कोणती बंद आहे, सभासद कोण आहेत याचा नकाशा सांभाळणारे मॉनिटर वेगळे असतात. मॉनिटर सहसा तीन किंवा पाच ठेवतात. चार ठेवण्यात फायदा नाही, कारण चारांचे बहुमत तीन, म्हणजे एकच सभासद गैरहजर राहिलेला चालतो, आणि तेवढे तर तिघांतही चालते. पाचांपैकी तीन मॉनिटर बंद पडले की व्यवस्थापक नेहमीप्रमाणे क्लस्टरची प्रकृती विचारणारी आज्ञा देतो आणि पडद्यावर काहीच येत नाही. त्रुटीचा संदेश लगेच येत नाही, लाल अक्षरे येत नाहीत. कर्सर एका ओळीवर लुकलुकत राहतो, कारण उत्तर देण्याचा अधिकार ज्या बहुमताला आहे ते बहुमतच अस्तित्वात नसते. नवख्या माणसाचा धीर याच क्षणी सुटतो. वास्तविक डिस्कांवरील माहिती जशीच्या तशी असते आणि उरलेले दोन मॉनिटरही जिवंत असतात, फक्त ते समूहाच्या वतीने बोलत नाहीत. प्रत्येक मॉनिटरला त्याच्याच यंत्रावर जाऊन, स्थानिक मार्गाने, फक्त त्याच्यापुरते विचारले तर तो मोकळेपणाने सांगतो: आपण इतरांचा शोध घेत आहोत, की निवडणूक चालू आहे, की आपण नेता आहोत, की अनुयायी. निदानाची सुरुवात येथून होते. समूह गप्प असला तर एकेका सभासदाच्या दारी जावे लागते आणि प्रत्येकाच्या मते सभासदांची यादी कोणती, हे विचारून ती उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतात.

त्यानंतरची कारणे बहुधा नीरस असतात, आणि ती नीरस आहेत हेच दिलासादायक आहे. नेटवर्कच्या भिंतीत मॉनिटरचे दार, म्हणजे ३३०० किंवा ६७८९ क्रमांकाचे पोर्ट, कोणी तरी बंद केलेले असते. मॉनिटरची स्वतःची डिस्क भरत आलेली असते. सेफमध्ये मोकळी जागा ३० टक्क्यांवर आली की इशारा मिळतो आणि ५ टक्क्यांवर आली की मॉनिटर अर्धवट नोंदी करण्यापेक्षा स्वतःच काम थांबवतो. घड्याळाचे कारण थोडे अधिक खोल आहे. मॉनिटरांच्या घड्याळांत एका सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षा, म्हणजे ०.०५ सेकंदापेक्षा, जास्त फरक पडला तर प्रणाली तक्रार करू लागते, कारण नेत्याने दिलेल्या अधिकाराची मुदत केव्हा संपते हे प्रत्येकजण आपल्या घड्याळावर मोजत असतो. वेळ आधीच ठरलेली असली तर मतदानाशिवायही एकमत होते, याचे एक फार मोठे उदाहरण तिवसा तालुक्यातच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे ज्या वेळी निर्वाण झाले, त्याच वेळी, म्हणजे ४ वाजून ५८ मिनिटांनी, दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात लाखो माणसे जागच्या जागी उभी राहून मौन श्रद्धांजली वाहतात. तेथे कोणी कोणाला विचारत नाही, कोणाची मोजणी होत नाही. एक मिनिट सर्वांना ठाऊक असते आणि तेवढे पुरते. यंत्रांना अशी सामाईक घटिका वेळ-सर्व्हरकडून सतत मिळवावी लागते, आणि तो सर्व्हर बंद पडल्याचे कित्येक दिवस कोणाच्या लक्षात येत नाही.

तार जोडली, डिस्क मोकळी केली, घड्याळ लावले की बहुतेक वेळा तिसरा मॉनिटर परत येतो आणि गणपूर्ती आपोआप होते. खरा पेच पडतो तो मॉनिटर कायमचे गेलेले असतात तेव्हा. पाचांपैकी तीन यंत्रे जळाली तर उरलेल्या दोघांना वाटते की मृतांची नावे यादीतून काढली की दोघांचे बहुमत दोनच, म्हणजे काम सुरू. परंतु यादीतून नाव काढणे हाही एक ठराव आहे आणि त्या ठरावालाही जुन्या यादीच्या बहुमताची, म्हणजे तिघांची, संमती लागते. गेलेल्यांना वगळण्यासाठी गेलेल्यांचेच मत हवे, असा हा वेढा आहे. गावाच्या मतदार यादीतही पुण्याला किंवा सुरतेला कायमचे गेलेले लोक आणि क्वचित दिवंगत झालेलेही नोंदीत राहतात, आणि लहान गावात त्या प्रत्येक नावामागे गणपूर्तीचा आकडा थोडा वर सरकतो; छेद यादीवरून ठरतो, हजेरीवरून नव्हे. म्हणूनच जाणकार व्यवस्थापक गणपूर्ती असतानाच यादी स्वच्छ ठेवतो. तिघांपैकी एक बिघडला तर आधी त्याचे नाव काढून मग नवा घालावा. आधी नवा घातला तर यादी चारांची होते, बहुमत तीन होते, आणि नवा सभासद उभा राहण्यात अडखळला की हातात असलेली गणपूर्तीही जाते. क्रमाची ही एवढीशी चूक चालू क्लस्टर बंद पाडायला पुरते.

वेढा आतून सुटत नाही तेव्हा बाहेरून शस्त्रक्रिया करावी लागते. जिवंत मॉनिटर थांबवायचा, त्याच्या साठ्यातून सभासदांचा नकाशा फाइल म्हणून बाहेर काढायचा, गेलेल्यांची नावे त्यातून वगळायची, बदललेला नकाशा पुन्हा आत घालायचा आणि मॉनिटर चालू करायचा. आज्ञा चार-पाचच असतात. मूळ साठ्याची प्रत काढून ठेवल्याशिवाय मात्र त्यांतील पहिलीही देऊ नये. या कामात संगणकीय कौशल्य थोडे आणि न्यायनिवाडा जास्त आहे, कारण यंत्राने जो निष्कर्ष काढायला नकार दिला होता तो आता माणूस स्वतःच्या जबाबदारीवर काढत असतो: ते तिघे खरोखर गेले आहेत, नुसते तारेच्या पलीकडे नाहीत. ते पलीकडे जिवंत असतील तर तिघांचे बहुमत त्यांच्याजवळ आहे आणि ते आपले काम करतच आहेत. अलीकडच्या दोघांना जबरदस्तीने बहुमत बहाल करणे म्हणजे स्वतःच्या हाताने दुभंग घडवणे. म्हणून नकाशाला हात लावण्यापूर्वी त्या यंत्रांची वीज खरोखर बंद आहे हे डोळ्यांनी पाहणे किंवा तेथे असलेल्या माणसाला फोन करून पाहायला लावणे, ही पायरी चुकवून चालत नाही.

यापेक्षाही फसवा प्रसंग परत येणाऱ्याचा आहे. एखाद्या सभासदाची डिस्क जाते, कोणी तरी नवी डिस्क बसवते आणि तोच पत्ता, तेच नाव देऊन यंत्र चालू करते. वरवर पाहता सभासद परतला आहे. प्रत्यक्षात तो रिकामी वही घेऊन आलेला आहे. काल त्याने ज्या ठरावाला होकार दिला होता आणि ज्या जुन्या प्रस्तावांना नकार देण्याचे वचन दिले होते, त्यातले त्याला काहीही आठवत नाही, तरी त्याचे मत मोजले जाते. दोन बहुमतांतला जो सामाईक साक्षीदार सगळा डोलारा पेलून धरतो, नेमका तोच येथे स्मृतिहीन झालेला असतो, आणि मंजूर झालेला ठराव नामंजूर झाल्यासारखा पुसला जाऊ शकतो. मेलेल्या सभासदाने समूह थांबतो; विसरलेल्या सभासदाने समूह खोटे बोलू लागतो. म्हणून वही हरवलेल्याने जुन्या नावाने परतू नये, नव्या नावाने नवा सभासद म्हणून यावे आणि इतरांच्या वह्यांवरून सर्व नोंदी उतरवून घेतल्यावरच मत द्यावे.

ग्रामसभेच्या कायद्याने या अडचणीतून एक वाट ठेवलेली आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की तिला गणपूर्तीची अट राहत नाही; हजर असतील तेवढ्यांनी आधीच्या विषयपत्रिकेवरचे विषय निकाली काढायचे, नवा विषय मात्र घ्यायचा नाही. ही तरतूद शहाणपणाची आहे. गावाला रस्ता हवा असतो, लाभार्थ्यांची यादी ठरायची असते, आणि सोंगणी थांबवता येत नाही म्हणून गावाचे काम थांबवणे योग्य नव्हे. शिवाय नव्या विषयाला बंदी असल्यामुळे आठ-दहा माणसांनी काही तरी आडवळणाने मंजूर करून घेण्याची वाटही रोखली जाते. तिचा दोष एवढाच की पहिली सभा तहकूब होणारच असे सर्वांनी गृहीत धरले की पहिल्या सभेला जाण्याचे कारण उरत नाही, आणि अपवाद म्हणून दिलेली सवलत रिवाज बनते. १९५५ साली प्रसिद्ध झालेली तुकडोजी महाराजांची ग्रामगीता ज्या मोझरीतून साऱ्या गावाने एकत्र येण्याचा आग्रह धरत होती, तिच्या परिसरात तरी ग्रामसभेची पहिली हजेरी वही भरलेली असावी, ही अपेक्षा जास्त नाही. क्लस्टरला ही सवलत देणे मात्र घातक आहे. तहकूब सभा सुरक्षित असते, कारण तीही एकच असते आणि तिची तारीख सर्वांना कळवलेली असते. यंत्रांच्या दोन तुकड्यांनी एकाच क्षणी आपापली ‘तहकूब सभा’ भरवली तर ती थांबवायला कोणी नसते.

बहुमताचा नियम पाळूनही सारे निभावतेच असे नाही. २ नोव्हेंबर २०२० रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीच्या एका केंद्रातील नेटवर्क स्विच अर्धवट बिघडला. तीन सभासदांच्या एका क्लस्टरमध्ये एकाला नेत्याचे ऐकू येईना, पण तिसऱ्याशी बोलता येत होते. नेता गेला असे समजून तो पुन्हा पुन्हा निवडणूक पुकारत राहिला आणि समूहाला स्थिर नेता मिळेना. स्विच सहा मिनिटांत सावरला, परंतु त्यातून उद्भवलेला बिघाड ६ तास ३३ मिनिटे चालला. पूर्ण मेलेला सभासद ओळखता येतो. अर्धा बहिरा सभासद ओळखायला फार वेळ लागतो.

गिटहब या प्रोग्राम साठवणाऱ्या संकेतस्थळाची २१ ऑक्टोबर २०१८ ची घटना याहून बोलकी आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संपर्क, जाळ्यातील एक बिघडत चाललेले प्रकाशीय उपकरण बदलताना, अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात पश्चिमेकडील आणि पूर्वेच्या सार्वजनिक क्लाउडमधील व्यवस्थापक नोडांनी मिळून रीतसर गणपूर्ती केली आणि डेटाबेसचे नेतृत्व पश्चिमेकडे सोपवले. गणपूर्ती खरी होती, निर्णय नियमाप्रमाणे होता. तरी पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांत झालेले लिखाण पश्चिमेला पोचलेले नव्हते, आणि संपर्क जुळल्यावर दोन्ही बाजूंच्या वह्यांत दुसरीकडे नसलेल्या नोंदी होत्या. नेतृत्व झटकन पूर्वेला परत नेले असते तर सेवा लवकर पूर्ववत झाली असती, परंतु मधल्या काळात पश्चिमेकडे लोकांनी केलेले काम पुसले गेले असते. अभियंत्यांनी सेवा मंद आणि अपुरी ठेवली, सुरक्षित प्रतींवरून पूर्वेकडील यंत्रे पुन्हा उभी केली, आणि हे सर्व २४ तास ११ मिनिटे चालले. त्यानंतरही न जुळणाऱ्या नोंदी उरल्याच. सर्वांत वर्दळीच्या एका क्लस्टरमध्ये त्या खिडकीत ९५४ लेखने झाली होती. त्यांतली कोणती आपोआप जुळवता येतील, कोणती वापरकर्त्यांनी नंतर स्वतःच पुन्हा केलेली आहेत आणि कोणत्यांसाठी संबंधित माणसाला गाठून विचारावे लागेल, हे पुढे नोंदीमागून नोंद काढून तपासावे लागले.